रेणूंच्या हालचाली आणि पोस्टडॉकची मधली वर्षं

पीएच.डी. झालेली आहे आणि कायमची नोकरी लागलेली नाही, अशा माणसाबद्दल आपल्याकडचे नातेवाईक लग्नकार्यात एकच वाक्य बोलतात: ‘अजून शिकतोय.’ संगणकावर रेणूंच्या हालचालींचं अनुकरण करणाऱ्या शाखेचा गेल्या पन्नास वर्षांचा इतिहास पाहिला, तर हे वाक्य चुकीचं ठरतं. बाकीचे जे शिकतात, त्यातलं बरंचसं या मधल्या काळातल्या माणसांनी, म्हणजे पोस्टडॉकनीच तयार केलेलं आहे.

अँड्रू मॅकॅमन यांनी १९७६ मध्ये हार्वर्डमधून पीएच.डी. घेतली आणि ते तिथेच मार्टिन कारप्लस यांच्या गटात पोस्टडॉक म्हणून रुजू झाले. पुढच्याच वर्षी ब्रूस गेलिन आणि कारप्लस यांच्यासह त्यांचा लेख ‘नेचर’मध्ये आला. प्रथिनातले अणू प्रत्यक्ष कसे हलतात याचं ते पहिलं अनुकरण. प्रथिन होतं ५८ अमिनो आम्लांचं, बीपीटीआय नावाचं. अनुकरणाचा काळ दहा पिकोसेकंदांहून कमी, आणि प्रथिनाभोवती पाणीसुद्धा घेतलेलं नव्हतं. तोवर प्रथिन म्हणजे स्फटिकात गोठलेली आकृती अशीच बहुतेकांची समजूत होती. या छोट्या गणिताने ती मोडली. स्वतः कारप्लस लायनस पॉलिंग यांचे विद्यार्थी, आणि पोस्टडॉक ऑक्सफर्डला चार्ल्स कूल्सन यांच्याकडचे. एरिए वॉर्शेल कारप्लस यांच्याकडे पोस्टडॉक होते. याच वॉर्शेल यांनी १९७६ मध्ये मायकेल लेव्हिट यांच्याबरोबर क्वांटम आणि अभिजात गणित एकत्र वापरून लायसोझाइम या विकराची रासायनिक क्रिया मांडली. कारप्लस, वॉर्शेल आणि लेव्हिट या तिघांना २०१३ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. ‘मेटाडायनॅमिक्स’ ही आज सर्रास वापरली जाणारी पद्धत २००२ मध्ये आली, तेव्हा अलेस्सांद्रो लाइओ हे मिकेले पारिनेलो यांच्या गटात होते. न्यूरल नेटवर्कने अणूंमधली ऊर्जा सांगण्याची पद्धत २००७ मध्ये मांडणारे यॉर्ग बेहलरही तिथलेच पोस्टडॉक.

आता खर्चाची बाजू पाहू. या शाखेत सॉफ्टवेअर बव्हंशी फुकट मिळतं, संगणकाचा वेळही खटपट केली की मिळतो. दुर्मीळ आहे ती एक नजर: समोर आलेल्या अनुकरणावर विश्वास ठेवायचा की नाही, हे ठरवणारी. पीएच.डी.च्या काळात माणूस गाईडने दिलेला प्रश्न सोडवण्यात गुंतलेला असतो, आणि प्राध्यापक झाल्यावर निधीचे अर्ज आणि बैठका यांतून स्वतः आकडे तपासायला बसणं होत नाही. ही नजर तयार होते ती मधल्या वर्षांत. आणि त्या वर्षांची आजची जगभरची व्यवस्था नेमकी तिच्याच मुळावर आलेली आहे, असं माझं मत आहे.

कामाचं स्वरूप आधी समजून घ्यायला हवं. प्रत्येक अणूची जागा आणि वेग ठाऊक असेल, त्याच्यावर बाकीचे अणू किती बल लावतात हे मोजता येत असेल, तर न्यूटनच्या नियमाने पुढच्या क्षणी तो कुठे असेल हे काढता येतं. हा क्षण साधारण दोन फेम्टोसेकंदांचा घ्यावा लागतो. त्याहून मोठा घेतला तर बंधांची थरथर हातातून निसटते आणि सगळं गणित उधळतं. म्हणजे एक मायक्रोसेकंद पाहायचा तर ५० कोटी पावलं. बलं मोजण्यासाठी जी सूत्रं आणि आकडे वापरतात त्यांना सगळे ‘फोर्स फील्ड’ म्हणतात. हे आकडे प्रयोगांवरून आणि छोट्या रेणूंच्या क्वांटम गणितांवरून बसवलेले असतात. म्हणजेच ते कुणीतरी ठरवलेले असतात, आणि चुकू शकतात.

खऱ्याखुऱ्या द्रवाचं असं पहिलं अनुकरण १९६४ मध्ये अनीसुर रहमान यांनी केलं: द्रवरूप आरगॉनचे ८६४ अणू, सीडीसी ३६०० हा संगणक, शिकागोजवळची आरगॉन राष्ट्रीय प्रयोगशाळा. रहमान हैदराबादचे. केंब्रिज आणि लूव्हाँ इथे शिकून ते परत आले, उस्मानिया विद्यापीठात आणि मग मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत त्यांनी काम केलं, आणि १९६० मध्ये अमेरिकेला गेले. १९७१ मध्ये फ्रँक स्टिलिंजर यांच्याबरोबर त्यांनी पाण्याचे २१६ रेणू हलवून दाखवले. अमेरिकन फिजिकल सोसायटीचा संगणकीय भौतिकीचा पुरस्कार आज त्यांच्या नावाने दिला जातो. मुंबईतल्या विज्ञानाच्या गप्पांत मात्र हे नाव क्वचितच ऐकू येतं.

पोस्टडॉकच्या दिवसभरात रेणूचं चित्र पडद्यावर फार थोडा वेळ असतं. प्रोटीन डेटा बँकेतून रचना उतरवायची, तिच्यात न दिसलेले तुकडे बसवायचे. प्रत्येक हिस्टिडीनवर प्रोटॉन कुठल्या नायट्रोजनवर ठेवायचा हे ठरवायचं, कारण ते क्ष-किरणांच्या रचनेत बहुधा दिसत नाही आणि चुकलं तर औषध बसण्याची जागाच बदलते. मग पाण्याची पेटी, मीठ, तापमान आणि दाब स्थिर करणं. मग क्लस्टरवर जॉब लावायचा आणि रांगेत वाट पाहायची. दोन-तीन दिवसांची मुदत संपली की जॉब तुटतो, तो पुन्हा जोडायचा. लाखभर अणूंचं प्रथिन चांगल्या जीपीयूवर दिवसाला शे-दोनशे नॅनोसेकंद पुढे सरकतं. शेवटी हातात येते ती काही टेराबाइटची ट्रॅजेक्टरी, आणि खरा प्रश्न तिथून सुरू होतो: जे घडायला हवं होतं ते घडलं नाही, ते घडतच नाही म्हणून, की आपण पुरेसं थांबलो नाही म्हणून?

रेणू ऊर्जेच्या एका खळग्यात अडकून बसतात. त्यांना बाहेर काढण्यासाठी कितीतरी युक्त्या निघाल्या. अंब्रेला सॅम्पलिंग १९७७ ची. वेगवेगळ्या तापमानांना चाललेल्या प्रतींची अदलाबदल करणारी रेप्लिका एक्स्चेंज पद्धत प्रथिनांसाठी १९९९ मध्ये आली. मेटाडायनॅमिक्सचा उल्लेख वर आलाच आहे. पण प्रत्येक युक्तीत आधी ठरवावं लागतं की कोणत्या दिशेने ढकलायचं. ती दिशा चुकीची निवडली तरी आलेख गुळगुळीत येतो, त्रुटींच्या रेषा बारीक येतात आणि उत्तर साफ चुकलेलं असतं. या विषयातल्या अनुभवी माणसांना गुळगुळीत आलेख पाहून संशय येतो तो यामुळेच.

या संशयाची किंमत काय असते, हे अतिशीत पाण्याच्या वादात दिसलं. गोठणबिंदूच्या बरंच खाली गेलेलं, पण अजून बर्फ न झालेलं पाणी दोन वेगळ्या घनतेच्या द्रवांत विभागत असावं, असं १९९२ मध्ये एका अनुकरणावरून सुचवलं गेलं. प्रयोगशाळेत त्या तापमानाला पाणी इतक्या झटपट गोठतं की मोजमाप जवळजवळ अशक्य, त्यामुळे सगळा भार संगणकावर आला. २०११ मध्ये बर्कलीचे डेव्हिड चँडलर आणि त्यांचे विद्यार्थी डेव्हिड लिमर यांनी मांडलं की दुसरा द्रव वगैरे काही नाही. जे दिसतं ते गोठण्याची सुरुवात आहे. प्रिन्स्टनला पाब्लो डेबेनेडेट्टी यांच्या गटाला त्याच एसटी-२ प्रतिमानात, म्हणजे स्टिलिंजर आणि रहमान यांनीच १९७४ मध्ये मांडलेल्या पाण्यात, दोन द्रव दिसत होते. समीकरणं तीच, प्रतिमान तेच, दोन्ही गट अव्वल, आणि उत्तरं परस्परविरोधी. जेरेमी पामर तेव्हा प्रिन्स्टनला पोस्टडॉक होते. २०१४ मध्ये ‘नेचर’मध्ये आलेल्या लेखाचे ते पहिले लेखक. एकाच प्रश्नाला त्यांनी अनेक स्वतंत्र पद्धती लावल्या आणि सगळ्यांतून दोनच द्रव निघाले. तरीही वाद मिटला नाही, कारण बर्कलीचं उत्तर वेगळं का आलं हे कुणालाच सांगता येत नव्हतं. अखेर दोन्हीकडचे प्रोग्राम शेजारी ठेवून तपासणी झाली. रेणूंना सुरुवातीचे वेग वाटून देण्याच्या एका पायरीत बर्कलीच्या प्रोग्राममध्ये खोट असल्याचं प्रिन्स्टनच्या गटाने २०१८ मध्ये दाखवलं. चँडलर त्याआधी, २०१७ मध्ये, वारले होते. २०२० मध्ये पाण्याच्या अधिक वास्तव प्रतिमानांतही दोन द्रवांचा पुरावा ‘सायन्स’मध्ये आला. त्याच्या तीन लेखकांपैकी ग्यूल झेर्झे याही प्रिन्स्टनच्या पोस्टडॉक.

सात वर्षं गेली ती एका उपपायरीपायी. या प्रकरणातून कुणाला शहाणपण शिकवायचा माझा हेतू नाही. प्रोग्राम लिहिणाऱ्या कुणाच्याही हातून हे होऊ शकतं. पण हिशेब पाहा. दोन वर्षांच्या करारावर आलेल्या माणसाने असल्या तपासणीत हात घालावा, अशी अपेक्षा कोण करेल? सहा महिन्यांत रुळायचं, बारा महिन्यांत निकाल काढायचे आणि उरलेल्या सहा महिन्यांत पुढच्या जागेसाठी अर्ज करायचे, ही खरी वेळापत्रकाची विभागणी. या मापात बसतं ते नवं प्रथिन, नवं औषध, नवा व्हेरिएंट. जुन्या निकालाची फेरतपासणी बसत नाही. म्हणूनच पामर यांचं काम मला अपवादात्मक वाटतं.

प्रोग्रामचा विषय निघालाच आहे, तर श्रेयाचाही निघायला हवा. मॉन्टे कार्लो पद्धतीचा १९५३ चा मूळ लेख निकोलस मेट्रोपोलिस यांच्या नावाने ओळखला जातो. लॉस अलामॉसच्या मॅनियाक संगणकावरचा प्रोग्राम लिहिला तो आरियाना रोझेनब्लुथ यांनी. त्यांनी हार्वर्डची पीएच.डी. करून स्टॅनफर्डला पोस्टडॉक केलं होतं. पुढे मुलं झाल्यावर त्यांनी संशोधन सोडलं. बर्नी आल्डर आणि टॉम वेनराइट यांच्या अनुकरणांचे प्रोग्राम मेरी ॲन मॅन्साय लिहीत. लेखांत त्यांचं नाव बहुधा आभारापुरतं. आजही फार बदल नाही. ग्रोनिंगेनमध्ये हर्मन बेरेंडसेन यांच्या गटात सुरू झालेलं ग्रोमॅक्स, अर्बानाचं एनएएमडी, सँडियाचं लॅम्प्स या प्रोग्रामांवर हजारो प्रबंध उभे आहेत. पण त्यांतली एखादी बारीक चूक दुरुस्त करून पाठवणाऱ्या पोस्टडॉकच्या प्रकाशनांच्या यादीत एक ओळसुद्धा वाढत नाही. अमेरिकेत २०१६ मध्ये रेणवीय विज्ञानाच्या सॉफ्टवेअरसाठी मोल्सी ही संस्था निघाली आणि तिने पीएच.डी.च्या विद्यार्थ्यांना आणि पोस्टडॉकना खास सॉफ्टवेअरसाठी फेलोशिप द्यायला सुरुवात केली. चांगली गोष्ट, पण अजून अपवादच.

दरम्यान यंत्रं कुठल्या कुठे गेली. डी. ई. शॉ रिसर्च या न्यूयॉर्कच्या खासगी संस्थेने फक्त रेणूंच्या अनुकरणासाठी ‘अँटन’ नावाचा संगणक घडवला आणि २०१० मध्ये त्याच बीपीटीआयचं एक मिलिसेकंदाचं अनुकरण प्रसिद्ध केलं. १९७७ च्या तुलनेत हा काळ दहा कोटी पटींहून अधिक. दुसऱ्या टोकाला स्टॅनफर्डला सुरू झालेलं फोल्डिंग ॲट होम: घराघरांतल्या संगणकांचा रिकामा वेळ गोळा करणारं. करोनाच्या काळात लोकांनी त्यात इतके संगणक जोडले की २०२० मध्ये त्याने एक्झाफ्लॉपचा टप्पा ओलांडला. त्याच वर्षी सॅन दिएगोला रोमी अमारो यांच्या गटात लोरेन्झो कॅसालिनो या पोस्टडॉकने विषाणूच्या स्पाइक प्रथिनावरच्या साखरेच्या साखळ्यांचं काम केलं. त्या साखळ्या प्रथिनाला प्रतिपिंडांपासून लपवतातच, शिवाय दोन ठिकाणी त्या प्रथिनाचं टोक उघडं धरून ठेवतात, हे अनुकरणातून पुढे आलं. या अमारो पूर्वी मॅकॅमन यांच्याकडे पोस्टडॉक होत्या, म्हणजे पुन्हा तीच परंपरा.

मग आलं मशिन लर्निंग. २०२४ च्या रसायनशास्त्राच्या नोबेलच्या मानकऱ्यांपैकी जॉन जंपर हे पीएच.डी.च्या आधी डी. ई. शॉ रिसर्चमध्ये प्रथिनांची अनुकरणंच करत होते. शिकागोहून पीएच.डी. झाल्यावर २०१७ मध्ये ते थेट डीपमाइंड या गूगलच्या कृत्रिम बुद्धिमत्तेच्या कंपनीत गेले. पोस्टडॉकची पायरी त्यांनी घेतलीच नाही. हुशार विद्यार्थ्यांनी यातून जो अर्थ काढायचा तो काढला आहे. २०२५ मध्ये मेटा आणि बर्कली लॅब यांनी ओमोल-२५ हा संच खुला केला: दहा कोटींहून अधिक क्वांटम गणितं, सुमारे सहा अब्ज सीपीयू-तासांची. कुठल्याही विद्यापीठातला पोस्टडॉक हे एकट्याने जन्मात करू शकणार नाही. मायक्रोसॉफ्टचं बायोएमू तर प्रथिनाच्या अनेक अवस्था अनुकरण न चालवताच समोर ठेवतं. ते शिकलं आहे ते मात्र २०० मिलिसेकंदांहून अधिक काळाच्या अनुकरणांवर.

मग अनुकरण करणारे बेकार होणार का? मला तसं वाटत नाही. शिकवणीचा माल जिथून येतो तिथलीच चूक शिकलेल्यात उतरते. निश्चित घडी नसलेली प्रथिनं जुन्या फोर्स फील्डमध्ये प्रत्यक्षाहून जास्त आखडलेली येत. हे वर्षानुवर्षं चालून मग प्रयोगांशी ताडून सुधारलं गेलं, आणि २०१७-१८ च्या सुमारास त्याची बरी दुरुस्ती हाती आली. औषध प्रथिनाला किती घट्ट चिकटेल हे काढताना एक किलोकॅलरीची चूक चांगली समजली जाते, पण तेवढ्या चुकीनेही बंधाची ताकद पाचपट इकडेतिकडे होते. कंपन्या या पद्धतींवर मोठा पैसा लावतात. श्रॉडिंगर कंपनीच्या गणितांच्या साहाय्याने घडलेल्या टीवायके-२ या विकरावरच्या औषधासाठी ताकेदा या औषध कंपनीने २०२२ च्या अखेरीस चार अब्ज डॉलर आगाऊ मोजायचं जाहीर केलं. आकडा कुठे भरवशाचा आणि कुठे नाही, हे सांगणारी माणसं त्यांनाही लागतात. ती ते तयार करत नाहीत. विद्यापीठांतून उचलतात.

विद्यापीठं ती कोणत्या अटींवर तयार करतात? अमेरिकेत राष्ट्रीय आरोग्य संस्थेच्या (एनआयएच) फेलोशिपचा पहिल्या वर्षाचा दर २०२४ मध्ये ६१,००८ डॉलर झाला. त्याआधी एनआयएचच्याच सल्लागार गटाने किमान ७०,००० सुचवले होते, आणि पोस्टडॉकचा काळ पाच वर्षांपुढे जाऊ नये असंही. तीच माणसं कंपनीत गेली तर याहून कितीतरी जास्त कमावतात, त्यामुळे या शाखेत टिकणं हा पगाराच्या दृष्टीने तोट्याचाच व्यवहार. जर्मनीत २००७ च्या कायद्याने पीएच.डी.नंतर सहा वर्षांपर्यंत ठरावीक मुदतीचे करार करता येतात; मग कायम करा नाहीतर निरोप द्या. या पद्धतीने जागा कशा छान मोकळ्या होत राहतात, हे समजावणारी एक चित्रफीत तिथल्या मंत्रालयाने काढली होती. तिच्यातल्या ‘हाना’ या पात्राचं नाव घेऊन २०२१ मध्ये हजारो तरुण संशोधक समाजमाध्यमांवर उतरले. वैतागाचं इतकं नेमकं निमित्त सरकारने स्वतःहून पुरवल्याचं उदाहरण विरळा.

भारतात २०२३ पासून रिसर्च असोसिएटचे तीन दर आहेत: ५८,०००, ६१,००० आणि ६७,००० रुपये, शिवाय घरभाडं. राष्ट्रीय पोस्टडॉक्टरल फेलोशिप दोन वर्षांची, वयाची मर्यादा ३५, महिलांना आणि राखीव गटांना पाच वर्षांची सवलत. आयआयटीत सहायक प्राध्यापकाला पीएच.डी.नंतर तीन वर्षांचा अनुभव लागतो. दोन वर्षांची फेलोशिप आणि तीन वर्षांची अट, ही वजाबाकी प्रत्येकाला स्वतःच भरून काढावी लागते. बहुतेक जण ती परदेशात भरतात. पैसे हातात पडायला महिनोन्महिने लागतात ही तक्रार दर वर्षी होते आणि दर वर्षी खरी असते.

पुण्यापुरतं बोलायचं तर साधनांची ओरड आता तितकी खरी नाही. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली सीडॅकने १९९१ मध्ये परम ८००० केला. २०१५ मध्ये ४,५०० कोटींचं राष्ट्रीय सुपरकॉम्प्युटिंग मिशन मंजूर झालं, त्यातून आयसर पुणे इथे परम ब्रह्म आला. राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेची (एनसीएल) सैद्धांतिक रसायनाची परंपरा जुनी आहे. पुणे विद्यापीठात श्रीधर गद्रे यांच्या गटाने मोठ्या रेणूचे तुकडे करून, प्रत्येकाचं क्वांटम गणित वेगळं सोडवून, मग ते एकत्र शिवण्याची ‘मॉलेक्युलर टेलरिंग’ पद्धत १९९० च्या दशकात काढली. छोट्या यंत्रांवर मोठे रेणू सोडवता येतात, हे त्यांनी दाखवलं. टंचाईतून निघालेल्या अशा पद्धतीला रेडीमेड कपड्यांच्या काळात गिऱ्हाईक कमी मिळतं, हे खरं. पण आज यंत्र हाताशी असतानाही आपल्या गटांत एकाच प्रश्नावर चार-पाच वर्षं बसलेला पोस्टडॉक शोधून सापडत नाही. क्लस्टर आहे आणि त्यावर काय चालवायचं हे ठरवणारा दर दोन वर्षांनी बदलतो.

या वाटेला निघालेल्या विद्यार्थ्याने गट निवडताना गाईडचं नाव आणि क्लस्टरचा आकार पाहणं साहजिक आहे. त्याखेरीज काही गोष्टी ई-मेलवरच विचारून घ्याव्यात. मागच्या लेखांच्या इनपुट फायली गटाने खुल्या ठेवल्या आहेत का? तिथे एखादं अनुकरण किती वेळा, वेगळ्या सुरुवातीपासून चालवतात? फसलेल्या रनची नोंद कुठे राहते? एखादा निकाल फिरवावा लागला तर तो कुणाच्या नावावर लागतो? आणि आधीचे तीन पोस्टडॉक सध्या कुठे आहेत? शेवटच्या प्रश्नाला गाईडपेक्षा त्या तिघांनाच लिहिलेलं बरं. उत्तरं बहुधा येतात, आणि लांबलचक येतात.